एचडीएलच्या भरवशावर

सांगलीच्या आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत दोन विषय बारमाही असतात: महापालिका आणि कोलेस्टेरॉल. महापालिकेबद्दल सगळ्यांचं एकमत असतं. कोलेस्टेरॉलबद्दल प्रत्येकाचं शास्त्र वेगळं. कुणी बायपास झालेल्या मेव्हण्याचा दाखला देतो, कुणी लाकडी घाण्याच्या तेलाचा. पण एका मुद्द्यावर सगळे माना डोलावतात. एकूण कोलेस्टेरॉल वाढलंय, एलडीएल, म्हणजे ते ‘वाईट’, तेही वाढलंय, पण एचडीएल, म्हणजे ते ‘चांगलं’, साठच्या वर आहे ना? मग बिनघोर राहा.

या बिनघोरपणाविरुद्ध मला बोलायचं आहे. एचडीएलचा चांगला आकडा एलडीएलचा वाईट आकडा फेडून टाकतो, ही समजूत गेल्या वीस वर्षांतल्या संशोधनाने जवळजवळ मोडीत काढली आहे. तरी आपल्या लॅबचे रिपोर्ट, गल्लोगल्लीची आरोग्य शिबिरं आणि तेला-बदामांच्या जाहिराती तिला रोज खतपाणी घालताहेत. मी डॉक्टर नाही. संख्याशास्त्र शिकवण्यात नोकरी गेली, त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक रिपोर्ट घेऊन येतात ते आकडे समजून घ्यायला. औषध विचारायचं तर मिरज जवळच आहे. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं, आणि आजही अथणी-चिकोडीकडची माणसं मिरजेच्या डॉक्टरांवर विसंबून गाडीत बसतात. औषधाची सोय आहे. आकडा वाचायची नाही.

ही समजूत हवेतून आलेली नाही, हे आधी कबूल करायला हवं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली हजारो माणसांची वर्षानुवर्षं तपासणी करायचा प्रकल्प सुरू झाला. १९७७ मध्ये त्यातून निष्कर्ष आला की ज्यांचं एचडीएल जास्त, त्यांच्यात हृदयविकार कमी. पुढे आणखी अभ्यासांची भर पडली आणि हिशेब मांडला गेला: एचडीएल दर डेसिलिटर रक्तामागे एका मिलिग्रॅमने जास्त, तर धोका २ ते ३ टक्क्यांनी कमी. असं का, याचंही उत्तर तयार होतं. एचडीएलचे कण रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशींकडून जादा कोलेस्टेरॉल उचलतात आणि यकृताकडे पोचवतात. तिथून ते पित्तावाटे बाहेर पडतं. आकडेवारी आणि कारण दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवायला लागली की शंका घ्यायचं कुणाला सुचत नाही. २००१ सालच्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत तर एचडीएल ६० किंवा जास्त असेल तर धोक्याच्या घटकांतून एक वजा करा, असं सरळ लिहिलेलं होतं. आमराईतला ‘साठ’ तिथला आहे.

मग पुढची पायरी साहजिक होती. एचडीएल जास्त असणं चांगलं, तर औषधाने ते वाढवावं. शरीरात सीईटीपी नावाचं एक प्रथिन असतं. ते एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल काढून दुसऱ्या कणांना देतं. त्याला रोखलं की कोलेस्टेरॉल एचडीएलमध्येच राहतं आणि आकडा चढतो. फायझर कंपनीने टॉर्सेट्रॅपिब नावाचं असं औषध काढलं, आणि आकडा खरंच चढला. पंधरा हजारांवर माणसांच्या चाचणीत एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढलं, एलडीएल २५ टक्क्यांनी उतरलं. असा रिपोर्ट हातात पडला तर आपल्याकडे कुणीही पेढे वाटले असते. डिसेंबर २००६ मध्ये ती चाचणी घाईघाईने थांबवावी लागली. अंतिम मोजदादीत नवं औषध घेणाऱ्या गटात ९३ मृत्यू निघाले, न घेणाऱ्या गटात ५९. दोन्ही गटांना स्टॅटिनची, म्हणजे एलडीएल उतरवणारी, गोळी चालूच होती; फरक होता तो या नव्या औषधाचा.

एचडीएलचे समर्थक म्हणाले, या औषधाने रक्तदाब वाढत होता, दोष त्याचा. एचडीएलला कशाला बोल लावता? शंका रास्त होती, आणि तिचं उत्तर शोधायला पुढची दहा वर्षं आणि पाण्यासारखा पैसा गेला. रोश कंपनीचं डॅल्सेट्रॅपिब २०१२ मध्ये बंद पडलं: एचडीएल वाढलं, फायदा शून्य. लिली कंपनीच्या एव्हासेट्रॅपिबने एचडीएल दुपटीच्याही वर नेलं. २०१५ मध्ये तेही गुंडाळलं. मर्क कंपनीच्या अ‍ॅनासेट्रॅपिबची चाचणी तीस हजारांवर माणसांवर झाली आणि २०१७ मध्ये निकाल आला. हृदयाच्या तक्रारी ९ टक्क्यांनी कमी, पण तेवढा फायदा वाईट कोलेस्टेरॉल जितकं उतरलं त्यावरूनच अपेक्षित होता. एचडीएल दुप्पट होऊन त्याच्या पदरात काहीच पडलं नाही. कंपनीने औषध बाजारात आणण्याचा नाद सोडला. नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दिलं की एचडीएल चढतं, म्हणून ते कित्येक वर्षं सर्रास लिहून दिलं जायचं. पंचवीस हजारांवर माणसांच्या चाचणीचा निकाल २०१४ मध्ये लागला: हार्ट अटॅक तेवढेच, वर मधुमेह, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग जास्त.

औषधांचं सोडा. काही माणसांना जन्मतःच जास्त एचडीएल देणारा जनुकीय बदल असतो. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा माणसांचा अभ्यास आला. त्यांचं एचडीएल इतरांपेक्षा साधारण साडेपाच मिलिग्रॅमने जास्त होतं. जुन्या हिशेबाने त्यांना हार्ट अटॅक १३ टक्क्यांनी कमी यायला हवे होते. आले तेवढेच. त्याच अभ्यासात एलडीएल वाढवणारे जनुकीय बदलही तपासले होते, आणि तिथे धोका अपेक्षेप्रमाणे वाढलेला दिसला. माझ्यासारख्या माणसाला हा पुरावा औषधांच्या चाचण्यांपेक्षाही बोलका वाटतो. इथे कंपनी नाही, गोळी नाही, तिचे दुष्परिणाम नाहीत. जन्मावेळी फासे पडले आणि आयुष्यभर एकाचं एचडीएल थोडं वर राहिलं, एवढंच.

उलट बाजूचं उदाहरण इटलीत आहे. गार्डा सरोवराकाठी लिमोने नावाचं गाव. तिथल्या काही कुटुंबांत एचडीएल इतकं खाली की आपल्याकडे लॅबवाला नमुना पुन्हा मागेल. तरी त्या लोकांत हृदयविकाराचं नाव नाही. सत्तरच्या दशकात मिलानच्या डॉक्टरांना याचा छडा लागला: त्यांच्या एचडीएलमधल्या प्रथिनातच फरक होता. म्हणजे कण किती, त्यापेक्षा ते काम कसं करतात हे महत्त्वाचं असावं, अशी नवी आशा निर्माण झाली. त्या प्रथिनावर औषधं काढायचे प्रयत्न झाले. नुकत्याच अटॅक येऊन गेलेल्या अठरा हजारांवर रुग्णांना एचडीएलचं मूळ प्रथिन शिरेतून देण्याची मोठी चाचणी झाली. २०२४ मध्ये तिचा निकाल आला आणि ठरवलेल्या मुख्य कसोटीवर तीही उतरली नाही. या वाटेने कधीच काही हाती लागणार नाही असं मी म्हणत नाही. आज लागलेलं नाही.

आणि ज्यांना आपलं एचडीएल नव्वद-शंभर आहे याचा अभिमान वाटतो त्यांच्यासाठी कोपनहेगनचा एक अभ्यास आहे. लाखाहून जास्त लोकांची माहिती तपासून २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एचडीएल फार कमी असलेल्यांत मृत्यू जास्त होतेच, पण फार जास्त असलेल्यांतही जास्त होते. ११६ मिलिग्रॅमच्या पुढच्या पुरुषांत तर दुपटीहून. अशी माणसं विरळा, आणि तिथेही एचडीएलनेच घात केला असं कुणी म्हणू नये. पण ‘जेवढं जास्त तेवढं बरं’ हे वाक्य आता कुणी म्हणू शकत नाही.

मग फ्रेमिंगहॅमचे आकडे खोटे होते का? अजिबात नाही. घोटाळा आपण त्यातून काढलेल्या अर्थात आहे. सांगलीकराला तो समजावायला आयर्विन पुलावरची पाणीपातळी पुरे. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका हे इथे शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा त्या आकड्यावरूनच लोकांनी घरं सोडली. आकडा अचूक इशारा देतो. पण पुलावरच्या फूटपट्टीचे आकडे खोडून नवे रंगवले तर गावभागात शिरलेलं पाणी ओसरत नाही. त्यासाठी कोयनेचा विसर्ग आणि वरचा पाऊस बघावा लागतो. एचडीएल हे बरंचसं त्या फूटपट्टीसारखं आहे. कमी असेल तर शरीरात काहीतरी बिघडलंय असं सांगतं. औषधाने तो आकडा वर ढकलला म्हणून बिघाड दुरुस्त होत नाही, आणि आकडा आपसूक चांगला असला म्हणून दुसरीकडून येणारं पाणी थांबत नाही.

काय बिघडलेलं असतं? आपल्या भागापुरतं बोलायचं तर बहुतेक वेळा पोट आणि साखर. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मोठ्या पाहणीत महाराष्ट्रही होता. त्यात तपासलेल्यांपैकी ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमी निघालं, तर एलडीएल जास्त असलेले सुमारे १२ टक्के आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी, जास्त असलेले जवळपास ३० टक्के. हे आकडे दाखवून लोक म्हणतात, बघा, भारतीयांचा खरा प्रश्न एचडीएलचाच; ते वाढवायच्या मागे लागा. मला त्यातून वेगळंच दिसतं. पोटाचा घेर वाढतो, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, यकृत ट्रायग्लिसराइड्सने भरलेले कण रक्तात ओतत राहतं. मघाचं ते सीईटीपी प्रथिन मग देवाणघेवाण करतं: त्या कणांतले ट्रायग्लिसराइड्स एचडीएलमध्ये येतात आणि एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल तिकडे जातं. असे चरबीने लादलेले एचडीएलचे कण झिजून लहान होतात आणि लवकर नष्ट होतात. रिपोर्टवर दिसतं ‘एचडीएल ३१’. कारण असतं दिवसातून पाच वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा, संध्याकाळचं भडंग, रात्री नऊनंतरचं भरपेट जेवण आणि दिवसभर खुर्ची. कारखान्यांचा हा जिल्हा; इथे बिनसाखरेचा चहा समोर ठेवला तर पाहुणा रुसतो. भडंगाशी माझं वैर नाही, गावाबाहेर जाताना दोन पुडे मीही नेतो. पण ते खाऊन वर सहा बदाम खाल्ले म्हणजे एचडीएल सावरेल, हा हिशेब जुळत नाही.

कुपवाडच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या एका ओळखीच्या तरुणाचा रिपोर्ट असाच होता. वय ३८. एकूण कोलेस्टेरॉल १५८, एलडीएल ७९, ट्रायग्लिसराइड्स २४०, एचडीएल ३१. घरच्यांनी एकच ओळ पाहिली: ‘चांगलं कमी आहे.’ मग बदाम, अक्रोड, जवस आणि कुणीतरी सांगितलेल्या कसल्याशा कॅप्सूल. शर्टाची खालची दोन बटणं ताणलेली मला समोर दिसत होती. त्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. उपाशीपोटीची साखर ११८ होती, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तीही पानाच्या मागच्या बाजूला.

चालण्याचंही तेच. डॉक्टर म्हणतात व्यायाम करा, एचडीएल वाढेल. माणूस वर्षभर इमानेइतबारे चालतो, पुन्हा रक्त तपासतो आणि ३८ चं ४० झालेलं पाहून खट्टू होतो. “एवढं चालून दोनच?” असं म्हणत बूट कोपऱ्यात जातात. व्यायामाने एचडीएल थोडंच वाढतं, हे आधीपासून माहीत आहे. पण त्या वर्षात त्याचा रक्तदाब उतरलेला असतो, साखर ताळ्यावर आलेली असते, कमरेचा पट्टा एका भोकाने आत गेलेला असतो. चुकीच्या आकड्यावर नजर खिळली की खरी कमाई दिसत नाही. शेजारी साताऱ्यात हिल मॅरेथॉनसाठी यवतेश्वरचा घाट चढणारी पन्नाशीची माणसं बघितली की वाटतं, यांना कुणी एचडीएल विचारू नये म्हणजे झालं.

दारूचं तर विचारूच नका. दारूने एचडीएल वाढतं, ही गोष्ट खरी आहे, आणि ती जेवढ्या लोकांना तोंडपाठ आहे तेवढ्या लोकांना स्वतःचा रक्तदाब माहीत नाही. तासगावच्या द्राक्षांचा दाखला देत रेड वाइनचं गुणगान करणारेही भेटतात. वाढलेलं एचडीएल आपोआप हृदय वाचवत नाही हे एकदा मान्य केलं की या युक्तिवादाची हवाच निघून जाते. उरतं ते ट्रायग्लिसराइड्स, रक्तदाब आणि यकृत यांवर दारू जे करते ते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं की दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. तेलांबद्दल तीनच वाक्यं. ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असं बाटलीवर छापून जादा पैसे घेणाऱ्या घाणेवाल्याला विचारा की शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल आलं कधी. वनस्पतीच्या कुठल्याच तेलात ते दखल घेण्याइतकं नसतं. आणि खोबरेल तेलाने एचडीएल वाढतं हे खरं असलं, तरी त्याने एलडीएल त्याहून जास्त वाढतं, हे जाहिरातीत येत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो, म्हणजे रिपोर्टच्या कागदावर. आमच्या ओळखीच्या एक वहिनी आहेत, वय ५४, पाळी थांबून काही वर्षं झालेली, रक्तदाबाची गोळी चालू. त्यांनी सवलतीच्या पॅकेजमध्ये तपासणी करून घेतली. वर लाल हृदयाचं चित्र, खाली आकड्यांचा तक्ता. एकूण कोलेस्टेरॉल २४२, ठळक अक्षरांत. एलडीएल १५४, तेही ठळक. ट्रायग्लिसराइड्स १३०, एचडीएल ६२. आणि शेवटची ओळ: एकूण कोलेस्टेरॉल भागिले एचडीएल, ३.९. तिच्यासमोर छापलेलं होतं ‘लो रिस्क: ३.३ ते ४.४’. त्यांचा फोन आला, “भाऊजी, शेवटी लो रिस्कच लिहिलंय. आणि काउंटरवरचा मुलगाही म्हणाला, रेशो छान आहे काकू. मग डॉक्टरांकडे जायला नको ना?”

त्या मुलाचा दोष नाही. त्याच्यासमोर जे छापून आलं ते त्याने वाचलं. पण हा रेशो येतो कुठून ते बघा. या तक्त्यात रक्तातून प्रत्यक्ष मोजलेल्या गोष्टी साधारण तीनच: एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्स. बाकी बेरीज-वजाबाकी. ट्रायग्लिसराइड्सला पाचाने भागलं की व्हीएलडीएल, म्हणजे ट्रायग्लिसराइड्स वाहणाऱ्या कणांतलं कोलेस्टेरॉल, इथे २६. २४२ मधून ६२ आणि २६ वजा केले की एलडीएल १५४. हे सूत्र १९७२ सालचं आहे आणि बऱ्याच लॅब आजही तेच वापरतात. आता समजा, काही केल्या वहिनींचं एचडीएल ६२ वरून ८० वर गेलं आणि बाकी काहीच बदललं नाही. एकूण कोलेस्टेरॉल होईल २६० आणि रेशो होईल ३.२५, म्हणजे आणखी ‘सुधारलेला’. त्यांच्या रक्तवाहिन्यांना मात्र पूर्वीइतकंच, १५४ चं एलडीएल सोसायचं आहे. वर सांगितलेल्या फसलेल्या औषधांपैकी डॅल्सेट्रॅपिबने जवळजवळ हीच करामत केली होती.

इथे कुणी जाणकार माझा हात धरील. रेशो हा अंदाज बांधायला चांगला आकडा आहे, असं तो म्हणेल, आणि ते बरोबर आहे. भारतासह ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात वाईट आणि चांगल्या कणांवरच्या प्रथिनांचं गुणोत्तरच हार्ट अटॅकशी सगळ्यात घट्ट जोडलेलं निघालं. ब्रिटनमध्ये डॉक्टर धोका मोजायला जे गणित वापरतात त्यातही हा रेशो आहे. मीही वर्गात हेच शिकवलं असतं की अंदाजासाठी जो घटक उपयोगी, तो घ्यावा. पण त्या गणितात रेशोबरोबर वय, रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह असं सगळं घातलेलं असतं, आणि उत्तर पुढच्या दहा वर्षांच्या धोक्याच्या टक्केवारीत येतं. आपल्या कागदावर तो एकटाच, बाकी सगळ्यापासून तोडलेला, ‘लो रिस्क’ अशा निकालासकट उभा असतो. शिवाय अंदाज बांधणं वेगळं आणि इलाज ठरवणं वेगळं. धोका किती हे ठरवताना एचडीएल विचारात घ्या, खुशाल घ्या. कमी काय करायचं हे ठरवताना एलडीएलवर बोट ठेवा, कारण ते खाली आणल्याने माणसं वाचतात हे वारंवार सिद्ध झालंय. १९९४ मध्ये उत्तर युरोपातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीत सिम्व्हास्टॅटिनने मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले. त्यानंतरच्या कितीतरी चाचण्या एकत्र करून बघितलं तर एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरलं की हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे संकटं सुमारे २२ टक्क्यांनी घटतात. एचडीएलच्या बाजूने असा एकही आकडा देता येत नाही.

या भ्रमाचा फटका बायकांना जास्त बसतो, असं मला वाटतं. बाईचं एचडीएल मुळात पुरुषापेक्षा साधारण दहा मिलिग्रॅमने जास्त असतं. म्हणून तर ‘कमी’ची रेषा पुरुषांना ४० आणि बायकांना ५० अशी वेगळी आखलेली आहे. पण रेशोच्या ओळीसमोरचा ‘लो रिस्क’चा पट्टा आपल्या कितीतरी रिपोर्टांवर दोघांना एकच असतो. पाळी थांबल्यावर एलडीएल वर जातं, एचडीएल मात्र बऱ्याचदा साठच्या आसपास राहतं, आणि कागद सांगत राहतो की सगळं ठीक आहे. आधीच घरातल्या बाईचं दुखणं शेवटी दाखवायचं ही आपल्याकडची रीत. त्यात कागदानेच ‘लो रिस्क’ म्हटल्यावर कोण कशाला नेतंय तिला मिरजेला?

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये कोलेस्टेरॉलबद्दल आपल्या मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यानुसार कमी धोक्याच्या माणसाचंही एलडीएल १०० च्या खाली हवं. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर ७० च्या खाली. वहिनींचं १५४ होतं. त्याच सूचनांत नॉन-एचडीएल या आकड्याला मानाचं स्थान आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केलं की जे उरतं ते, म्हणजे रक्तवाहिन्यांत चिकटू शकणारं सगळं. वहिनींचं १८०, त्यांच्यासारख्यांना ते १०० च्या खाली ठेवायला सांगितलंय. याला वेगळी तपासणी लागत नाही, उपाशीपोटी जावं लागत नाही, एका वजाबाकीत काम होतं. इथे एचडीएल कुणाचं पाप धुऊन काढत नाही. ते बाजूला ठेवून उरलेलं मोजलं जातं. याच सूचनांत आणखी एक गोष्ट आहे. लिपोप्रोटीन-ए नावाचा घटक आयुष्यात निदान एकदा तपासावा. तो अनुवंशिक असतो आणि सुमारे एक चतुर्थांश भारतीयांत जास्त आढळतो. घरात कुणी चाळिशी-पंचेचाळिशीत अटॅकने गेलं असेल तर एचडीएलवर काथ्याकूट करण्यापेक्षा ही तपासणी कधीही कामाची.

म्हणून माझी मागणी सांगली-मिरजेच्या लॅबचालकांकडे आणि पॅथॉलॉजिस्टांकडे आहे. रेशोसमोरचा ‘लो रिस्क’ हा शेरा काढून टाका. आकडा ठेवायचा तर ठेवा, पण निकाल देऊ नका. तो द्यायला रुग्णाचं वय, रक्तदाब, तंबाखू यांतलं काहीच तुमच्या कागदावर नसतं. तक्त्यात पहिली ओळ नॉन-एचडीएलची छापा. खर्च शून्य.

दुसरी मागणी शिबिरं भरवणाऱ्यांकडे, म्हणजे गणेश मंडळं, पतसंस्था आणि वाढदिवस साजरे करणारे नेते. मांडव घालून तीनशे जणांचं लिपिड प्रोफाइल करायचं, आठवड्याने रिपोर्टांचा गठ्ठा कार्यकर्त्याच्या दुकानात ठेवायचा आणि ‘ज्याचा त्याने घेऊन जावा’ असा मेसेज टाकायचा, याला मी आरोग्यसेवा म्हणत नाही. आशाताई घरोघरी तिशीवरच्या लोकांसाठी जो फॉर्म भरतात तो बघा. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, हालचाल आणि घराण्यातला आजार विचारतात. कोलेस्टेरॉलचा रकाना त्यात नाही, आणि साध्या टेपने मोजलेली कंबर आपल्या भागात एचडीएलच्या मागचं कारण जास्त सरळ सांगते. रक्तदाब नियंत्रणाच्या केंद्रीय कार्यक्रमात शेजारचा सातारा जिल्हा सुरुवातीच्या टप्प्यातच आला होता. तिथलं सूत्र अगदी साधं: मोजा, नोंद ठेवा, ठरलेली गोळी द्या, आणि जो परत आला नाही त्याला शोधा. शिबिरवाल्यांनी यातलं शेवटचं एक काम जरी उचललं तरी पुष्कळ. लिपिड प्रोफाइल करायचंच तर रिपोर्टाच्या दिवशी एक डॉक्टर बसवा, रुग्णाला समोर बसवून वाचून दाखवा. ते जमत नसेल तर तो पैसा बीपीच्या चांगल्या मशीनांवर घाला.

स्टॅटिनबद्दल लोकांची धास्ती मला कळते. “एकदा सुरू झाली की जन्माची” हे खरंच आहे बहुतेकांच्या बाबतीत, आणि गोळी कुणाला द्यायची हे डॉक्टरच ठरवणार. मधुमेहाचा धोका तिने किंचित वाढतो हेही लपवायचं कारण नाही. पण गोळी टाळायला एचडीएलचा आडोसा घेऊ नये. ‘मला नको’ म्हणायचा अधिकार प्रत्येकाला आहे. ‘मला गरज नाही, रेशो चांगला आहे’ हे मात्र अधिकारात बसत नाही, ते चुकीचं गणित आहे. वहिनी शेवटी डॉक्टरांकडे गेल्या, स्टॅटिन सुरू झालं, आणि पुढच्या तपासणीत एलडीएल ८८ वर आलं. अजून ७० च्या खाली यायचं आहे. एचडीएल ६१, त्याबद्दल डॉक्टर एक अक्षरही बोलले नाहीत, याचंच त्यांना जास्त आश्चर्य वाटलं.

हे सगळं मी विश्रामबागेतल्या एका लॅबच्या व्यवस्थापकाला सांगितलं. भला माणूस, शांतपणे ऐकून घेतलं त्याने. नॉन-एचडीएलची ओळ घालणं सॉफ्टवेअरमध्ये पाच मिनिटांचं काम आहे, ती उद्यापासून घालतो म्हणाला. ‘लो रिस्क’ काढायचं म्हटल्यावर जरा घुटमळला. “सर, ती ओळ काढली तर दुपारपर्यंत वीस फोन येतील,” तो म्हणाला. “लोक बाकीचं काही वाचत नाहीत हो, तेवढंच वाचतात.” मी म्हटलं, म्हणूनच काढा.